आत्याच्या गुडघ्याएवढं पाणी

आमच्या नदीत पाणी किती आहे हे धरणाला कळत नाही, पुलाला कळत नाही आणि खुद्द नदीलाही कळत नाही. ते फक्त माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याला कळतं. हे मी एकदा पुलाजवळच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं, तेव्हा लोक पोट धरून हसले. पण दुसऱ्या दिवशी राफ्ट पाण्यात लोटायच्या आधी तेच लोक माना लांब करून तिच्या पायांकडे बघत उभे होते.

तिला सगळी नदी आत्या म्हणते. नात्याने ती आत्या फक्त माझ्या मुलाची. पण गाईड, ड्रायव्हर, चहावाला, दोर विकणारा, सगळ्यांचीच ती आत्या झाली, तेव्हा मी एकटाच ताई म्हणत कशाला बसू? एकदा लाडात येऊन 'ताई' म्हणालो होतो. ती वळून म्हणाली, "काय मोडलंस?"

या गुडघ्याच्या मापाची सुरुवात एकेचाळीस वर्षांपूर्वी झाली. नदीवर पहिली राफ्ट आली ती मीच चालवली. तेव्हा मी वल्हं इतक्या जोरात मारायचो की नदीला दोन दिवस पाठदुखी व्हायची. आम्ही राफ्ट पाण्यात सोडतो त्या जागी एका मोठ्या खडकाच्या आडोशाला धार मंद होते, आणि तिथे पाण्याखाली एक चपटा दगड आहे. राफ्टचा दोर धरायला आत्या अनवाणी त्या दगडावर उभी राहिली. पहिल्या दिवशी पाणी तिच्या पोटरीपर्यंत होतं. राफ्ट सगळा रस्ता दगडांवरून खरवडत गेली. दुसऱ्या दिवशी धरणातून जास्त पाणी सुटलं, ते तिच्या गुडघ्याला लागलं, आणि राफ्ट अशी गेली की मला वल्हं मारायला जागाच मिळेना. झालं. त्या दिवसापासून माप ठरलं. घोट्याला पाणी असेल तर राफ्ट खांद्यावर घ्या आणि घरी जा. पोटरीला असेल तर चहा प्या. गुडघ्याला लागलं की आत्या शिट्टी वाजवणार. मांडीला लागलं तर फक्त जाणत्यांनी जायचं. आणि कंबरेला लागलं तर आत्या स्वतःच बाहेर येऊन विचारायची, "मी निघाले, तुम्ही कोण लागून गेलात?"

इतक्या वर्षांत ती एकदाही राफ्टमध्ये बसली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "माप कधी मालाबरोबर गाडीत बसतं का?"

आमचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये चार राफ्ट, हेल्मेटांची उतरंड आणि वाळत घातलेली लाइफ जॅकेटं. मुलगा गाईड आहे. सहा फूट उंच, बोलायला मात्र चार इंच. जे काय बोलायचं ते राफ्टवर ओरडून संपवतो, घरी नुसता जेवतो. सून राफ्टची पंक्चरं काढते. तिच्या हातांना कायम सोल्यूशनचा वास येतो, आणि रबराचा तुकडा नुसता चिमटीत धरून तो किती उन्हाळे खाऊन आलाय ते ती सांगते. माझं वय झालं तसं मला राफ्टवरून उतरवून पाटीवर बसवलं. रोज सकाळी मी सीझनच्या बातम्या लिहितो. पाणी किती वाजता सुटणार, कुठला दोर हरवला, काठ साफ करायला कोण येणार. आणि पाटीवर जागा उरलीच तर, काल डोहातल्या एका माशाने हेल्मेट पळवलं, परत द्यायला तयार आहे पण साइझ विचारतोय, असं काहीबाही.

आता दुखणं काय ते सांगतो.

राफ्ट सुटते तिथून दीड किलोमीटरवर दोन जागा आहेत. पहिली सासू. तिथे नदी एकदम माणसाच्या उंचीएवढी खाली पडते. नाव मी ठेवलं. लांबून आवाज करते, जवळ गेलं की आपटते, पण जीव घेत नाही. सासूच्या पुढे नदी पसरट होते आणि तळाशी उभ्या धारेचे दगड आहेत. तो वस्तरा. पाणी पुरेसं असलं तर वस्तरा गुदगुल्यासुद्धा करत नाही. कमी असलं तर राफ्टचं बूड सोलून काढतो.

तीन वर्षांपूर्वी सीझनभरात सुनेला अकरा ठिगळं लावावी लागली. पुढच्या वर्षी एकोणीस. गेल्या वर्षी चौतीस. मुलगा म्हणाला, रबर हल्ली चांगलं येत नाही. सून म्हणाली, रबर तेच आहे, दगड झिजून धारदार झालेत. मी पाटीवर लिहिलं की वस्तऱ्यावरच्या माशांना दात आलेत. आत्याच्या गुडघ्याचा संशय कुणाला आला नाही. सूर्य उशिरा उगवला असं कुणी म्हणतं का? घड्याळच पुढे आहे म्हणतात.

गेल्या सीझनच्या शेवटच्या आठवड्यात आत्याने शिट्टी वाजवली, राफ्ट गेली, आणि वस्तऱ्यावर बूड हातभर फाटलं. सहा पाहुणे हातात बूट घेऊन अर्धा तास दगडांवरून ठेचकाळत चालत आले. त्यांच्यातले एक गृहस्थ आम्हाला काही बोलले नाहीत. ते राफ्टचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याशी बोलले.

या वर्षी सीझन उघडायला आठ दिवस असताना खात्याचं पत्र आलं. सुनेने ते शेडमध्ये उभ्याने वाचलं. सीझनच्या पहिल्या दिवशी खात्याचे साहेब स्वतः आमच्या राफ्टमध्ये बसणार. वस्तऱ्यावर राफ्ट दगडाला लागली तर नदीचा वरचा भाग कायमचा बंद, ज्याला राफ्ट चालवायची त्याने खालच्या सपाटीवर चालवावी.

"सपाटीवर?" मुलगा म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो पहिला शब्द होता.

सपाटीवर नदी इतकी संथ आहे की मी एकदा तिथे वल्हं टाकून झोपलो, आणि जागा झालो तेव्हा राफ्ट चार हात उलट्या दिशेने वर आली होती. तिथे काठावर सगळीकडे पिवळ्यांचे तंबू. पिवळे म्हणजे पिवळी जॅकेटं घालणारी मोठी कंपनी. आमच्यासारख्याला तिथे दोर बांधायला खुंटी मिळाली नसती. वरचा भाग बंद म्हणजे आमचं घर बंद.

"अजून आहे," सून म्हणाली, आणि आत्याकडे न बघता तिने शेवटची ओळ वाचली. "यापुढे पाण्याची पातळी पुलाच्या खांबावरील नव्या पट्टीवरून ठरवली जाईल. अनधिकृत व्यक्तींनी पातळी मोजण्यासाठी पाण्यात उभे राहू नये."

आत्या कोपऱ्यात बसून बुटात पाय घालत होती. काठावरच्या चिखलात वावरायला तिचे रबरी बूट आहेत, गुडघ्याखालपर्यंत येणारे. एक बूट पायात, एक हातात, अशी ती थांबली.

"अनधिकृत म्हणजे मी?"

सुनेने पत्राची घडी घातली.

"एकेचाळीस वर्षं माझे पाय भिजले तेव्हा हे खातं कुठे वाळत पडलं होतं?" असं म्हणून तिने दुसरा बूट घातला, त्याचा काठ दुमडून खाली केला आणि तरातरा बाहेर गेली.

मग कामाला सुरुवात झाली. चारही राफ्ट उन्हात ओढल्या. पायाच्या पंपाने हवा भरायची म्हणजे मांड्यांतून दोन दिवस कळा येतात. मुलगा पंपावर, मी साबणाचं पाणी घेऊन शिवणींवर फडका फिरवतोय, बुडबुडा दिसला की खडूने गोल करतोय, आणि सून माझ्या मागे मागे. जुनं ठिगळ उपटायचं, जागा घासायची, सोल्यूशन लावून फुंकर घालायची, वाळायला आलं की नवं ठिगळ बसवून वर लाकडी रूळ फिरवायचा. दुपारी रबर इतकं तापायचं की त्यावर हात टेकला तर हाताची निशाणी रबरावर नाही, रबराची हातावर उठायची. सुनेच्या बोटांची पुढची कातडी सोल्यूशनने गेली होती. जेवताना ती घास मधल्या दोन बोटांनी धरायची. आत्या दोर तपासत होती. वीतभर दोर हातातून सरकवायचा, थांबायचं, सरकवायचा. 

चौथ्या दिवशी धरणातून चाचणीचं पाणी सुटलं. तासाभराने ते आमच्याकडे पोचलं. आत्या चपट्या दगडावर कपडे वर खोचून उभी. काठावर आम्ही, शेजारी पिवळ्यांचे दहाबाराजण, वरच्या भागातही त्यांच्या राफ्ट इथूनच सुटतात. पाणी चढलं, पोटरी गेली, गुडघ्याच्या वाटीला लागलं. शिट्टी वाजली.

मुलगा आणि मी रिकामी राफ्ट घेऊन निघालो. सासूने नेहमीसारखं आपटलं. आणि वस्तऱ्यावर आलो तशी पायाखालून खर्रर्र. मी इतका हलका की वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून फिरतो. मुलाचं वजन तेवढं खरं. तरी दोन माणसांची राफ्ट दगडावर म्हशीसारखी बसली. वर सहा माणसं असती तर? मुलाने खाली उतरून ढकलली. पाणी त्याच्या नडगीला लागत होतं.

ठिगळं सात.

परत आलो तेव्हा पिवळ्यांचा म्होरक्या आत्याजवळ उभा होता. माणूस वाईट नाही, पण दात पांढरे असल्यामुळे त्याला ते सतत दाखवावे लागतात. "आत्या," तो म्हणाला, "बरीच वर्षं नोकरी केली तुमच्या गुडघ्याने. आता त्याला रिटायर करा. हार आम्ही आणतो."

सगळे हसले. हसणाऱ्यांत आमचा चहावालाही होता, मग त्याने खोकल्याचं सोंग केलं. आत्या पाण्यातून बाहेर आली. ओले पाय पुसले नाहीत. तसेच बुटात घातले आणि घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दोरही तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मुलगा चपटा दगड तपासायला गेलो. पाणी उतरलं होतं. दगड कलला असेल, खचला असेल, असं मनात. मी पहार घेऊन त्याच्याशी झटलो. पण तो दगड नव्हताच, अख्ख्या डोंगराचं बाहेर आलेलं नाक होतं. माझ्या हातची एकेचाळीस वर्षांपूर्वीची लोखंडी कडी अजून शेजारच्या खडकात होती, जिथल्या तिथे.

"दगड हलला नाही," मुलगा म्हणाला.

"मग वस्तरा वर आला असेल."

"बाबा." एवढंच म्हणाला. पण त्याच्या एका शब्दात बाकीचे शंभर बसतात.

दुपारी शेडमध्ये सून सात ठिगळं कापत बसली होती. आत्या बाहेर निघाली, बुटात पाय घातले आणि वाकून काठ दुमडायला लागली. सुनेची कात्री थांबली.

"आत्या, बूट का दुमडता?"

"वाढलेत ना. गुडघ्याला घासतात."

"वाढलेत?"

"तीन वर्षं झाली. आधी गुडघ्याच्या खाली तीन बोटं राहायचे. आता वाटीला टेकतात. रबर नदीच्या पाण्यात राहिलं की वाढतं."

"कोण म्हणालं?"

आत्याने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

सून उठून माझ्यासमोर आली. हातात कात्री तशीच. "बाबा, मी रोज रबर कापते. रबर आटतं, तडकतं, चिकट होतं. वाढत नाही."

आता मला खोटं बोलायला वेळ लागत नाही. डोहातल्या माशाची वंशावळ मी उभ्याउभ्या सांगतो. पण त्या दिवशी एकही थाप सुचली नाही. कारण तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला आठवत होतं. आत्या अशीच बूट घालून उभी होती आणि म्हणाली होती, हे मोठे कसे झाले रे? मी तिच्या पायांकडे पाहिलं होतं. इतकी वर्षं थंडगार पाण्यात उभं राहून तिचे गुडघे बाहेरच्या बाजूला बाकले होते, पूर्ण सरळ होत नव्हते. पाय कमानीसारखे दिसत होते. मला ते दिसलं, कळलं आणि सोसलं नाही. मी म्हणालो, रबर आहे, वाढतं पाण्यात. ती म्हणाली, असं होय. आणि मी पाटीवर माशांची बातमी लिहायला निघून गेलो. बूट वाढले नाहीत म्हणजे गुडघा खाली आला, आणि गुडघा खाली आला म्हणजे शिट्टी लवकर वाजणार, हा हिशोब माझ्या डोक्यात कधी शिरलाच नाही. थापा ठेवून ठेवून तिथे जागाच राहिली नव्हती.

"आत्या," मी म्हणालो, "बूट वाढले नाहीत. तू कमी झालीस."

तिने दुमडलेला काठ हातातून सोडला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

तिने पायातला बूट काढला. मला वाटलं आता रडणार. तिने तो फेकून मारला. नेम तिचा पहिल्यापासून चांगला. बूट माझ्या कानाला लागला आणि मागे टांगलेली हेल्मेटं खडखडली.

"चौतीस ठिगळं!" ती ओरडली. "हिच्या बोटांची सालं निघाली! माणसं दगडांवरून अनवाणी चालली! आणि तू माशांना दात लावत बसलास?"

मग दुसरा बूट. तो चुकवला. ती दम लागून राफ्टच्या काठावर बसली. सून तिच्यापुढे उकिडवी बसली, तिच्या गुडघ्याच्या वाटीवर तीन बोटं आडवी ठेवली आणि वर बघत म्हणाली, "आत्या, गुडघा खोटं नाही बोलला. नुसता खाली आलाय. तीन बोटं वर धरा."

आत्याने त्या बोटांकडे पाहिलं. सोललेली, काळी पडलेली बोटं. मग म्हणाली, "तुझी तीन की माझी तीन?"

"तुमची."

"माझी जाड आहेत," आत्या म्हणाली, आणि मला म्हणाली, "जेवण वाढ. उभा काय राहिलास?"

सीझन उघडायचा दिवस उजाडला तो लख्ख. काठावर ही गर्दी. पलीकडच्या वस्तीवरून माणसं आली, शाळा आली, चहावाल्याने दुसरी शेगडी लावली. मी पाटीवर फक्त पाण्याची वेळ लिहिली, दुसरं काही नाही, तर तिघांनी मला तब्येत विचारली.

साहेब वेळेवर आले. बारीक चणीचा, नव्या बुटातला माणूस. हातात वही, वहीला दोरीने बांधलेलं पेन. बरोबर त्यांचा शिपाई, तोही राफ्टमध्ये बसायचा होता. त्याने चहावाल्याला विचारलं, "हा आवाज कसला?" चहावाला म्हणाला, "सासूचा." शिपायाला एकाएकी आठवलं की जीपचं एक चाक मऊ वाटतंय. तो तिकडे गेला तो गेलाच.

साडेनऊला पाणी आलं. पुलाच्या खांबावरची पट्टी सगळ्यांना दिसत होती. खांब डोहात आहे. तिथे पाणी खोल आणि आळशी, थोडं आलं तरी फुगून बसतं. दहा मिनिटांत ते लाल रेघेला लागलं.

"पातळी पूर्ण," साहेब म्हणाले. "चला."

पिवळ्यांनी वाट पाहिली नाही. म्होरक्याने राफ्ट लोटली, दात दाखवले, आम्हाला हात केला आणि गेला.

आमची राफ्ट काठाला. मुलगा मागे, हातात वल्हं, नजर आत्याकडे. सून उजवीकडे, मी मधे, साहेब जॅकेटच्या पट्ट्यांत अडकलेले. आत्या दगडावर. पाणी पोटरीच्या वर गेलं, गुडघ्याला लागलं. सगळा काठ माना लांब करून बघत होता. शिट्टी तिच्या तोंडात होती.

वाजली नाही.

"अहो बाई," साहेब म्हणाले, "पट्टी पूर्ण झाली. तुमचा गुडघासुद्धा बुडाला. आता कशाची वाट बघताय?"

आत्याने शिट्टी बाजूला केली. आवाज मोठा केला, सगळ्या काठाला ऐकू जाईल एवढा. "साहेब, मी म्हातारी झाले. माझा गुडघा तीन बोटं खाली आलाय. तीन वर्षं मी शिट्टी लवकर वाजवली, त्याने राफ्ट फाटल्या. दोष माझा. आज तीन बोटं थांबायचं."

काठावर कुजबुज झाली. आपली कमी अशी चारचौघांत मोजून दाखवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही. तिने कमरेत वाकून तीन बोटं गुडघ्यावर आडवी ठेवली आणि तशीच उभी राहिली.

एक बोट बुडालं. मग बराच वेळ काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. धरणाचं पाणी एक तास चालतं, त्यातली पंचवीस मिनिटं गेली होती. वाकून वाकून आत्याची पाठ थरथरायला लागली. सून राफ्टमधून उठायला लागली. आत्या तिकडे न बघता म्हणाली, "बस खाली." दुसरं बोट बुडालं. पाणी तिथेच रेंगाळलं. खालच्या अंगाने लांबून आरडाओरडा ऐकू आला. पस्तीस मिनिटं.

"पाणी उतरायला लागेल," साहेब म्हणाले.

"उतरलं तर नाही जायचं," आत्या म्हणाली.

"मग भाग बंद होईल."

"होऊ दे. पण फाटक्या बुडाने नाही व्हायचा."

मुलाच्या हातातलं वल्हं मला दिसत होतं. त्याची बोटं पांढरी पडली होती. आणि मग नदीने श्वास घेतल्यासारखं काहीतरी झालं. आडोशातलं पाणी हळूच फुगलं, आणि तिसरं बोट, तिचं जाड तिसरं बोट, दिसेनासं झालं.

अशी शिट्टी मी आयुष्यात ऐकली नाही. पुलावरचे पक्षी उडाले ते, माझा अंदाज, अजून उतरले नाहीत.

मुलगा दोर सोडणार तेवढ्यात थांबला. "डावीकडे पुढे कोणी नाही," तो म्हणाला. शिपायाची जागा. एका अंगाला हलकी राफ्ट सासूने पालथी केली असती. त्याने काठावर नजर फिरवली, मग दगडाकडे पाहिलं. "आत्या. ये."

"मी?"

"शिट्टी झाली. आता दगडावर काय काम आहे?"

आत्याने शिट्टी कमरेला खोचली.  सुनेने हात दिला, आत्या अनवाणी राफ्टमध्ये आली, पाय मधल्या फुगीर पट्टीखाली खोचला आणि वल्हं असं धरलं, जणू कालच ठेवलं होतं. बघून बघून एकेचाळीस वर्षं शिकली होती.

"पुढे!" मुलगा ओरडला, आणि आम्ही गेलो.

सासूच्या काठावर राफ्ट क्षणभर थांबते. त्या क्षणाला शब्द नाही. साहेबांनी एक शब्द काढला, पण तो लिहिण्यासारखा नाही. आम्ही खाली गेलो. इतके खाली गेलो की मला तळाशी माझी तरुणपणी हरवलेली टोपी दिसली. वर आलो तेव्हा साहेबांच्या हातात पेन होतं, वही नव्हती. आत्याच्या तोंडातून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"ही सासू?" ती ओरडली. "हिला उगाच घाबरता!"

"वस्तरा!" मुलगा म्हणाला.

नदी पसरली. पाणी काचेसारखं, खाली दगडांच्या धारा स्पष्ट. साहेब कान लावून बसले होते. सून राफ्टच्या बुडाकडे बघत होती, तिच्याच हातच्या ठिगळांकडे. आत्याने मात्र डोळे मिटले. पायाच्या तळव्याने ती राफ्टचं बूड चाचपत होती, जसा इतकी वर्षं तो दगड चाचपला.

"आहे," ती म्हणाली. "खाली आहे. अजून आहे. गेला. दुसरा आहे. गेला."

खर्रर्र नाही. साधं खसही नाही. अख्खा वस्तरा आमच्या बुडाखालून सरकत गेला आणि आम्हाला शिवला नाही.

शेवटच्या दगडांपाशी पिवळे होते. त्यांची राफ्ट दोन धारांच्या मधे फाटून लोळागोळा झाली होती, आणि माणसं दगडांवर ओणवी. म्होरक्या पाण्यात उभा राहून ती धरून होता. दात दिसत नव्हते.

"आत्या! दोर!"

मुलाने राफ्ट पलीकडच्या संथ पाण्यात वळवली. आत्याने दोराची पिशवी उचलली. "देते. आधी सांग, तुझ्या गुडघ्याला किती लागलंय?"

"वाटीच्या खाली!"

"तू वाकला नाहीस ना?"

"नाही!"

"मग तुझ्या गुडघ्याला अजून नोकरी आहे," आत्या म्हणाली आणि दोर फेकला. मी सांगितलंच, नेम तिचा चांगला. पिशवी त्याच्या छातीवर बसली. आम्ही एकेकाला ओढून घेतलं.

उतरल्यावर साहेब बराच वेळ काठावर बसून बुटातलं पाणी ओतत होते. मग सुनेकडे कागद मागितला. तिच्याकडे कागद नव्हता, रबराचा तुकडा होता. खडूने त्यांनी त्यावरच लिहिलं, वरचा भाग चालू. खाली सही केली. तो तुकडा आमच्या शेडच्या दारावर अजून चिकटवलेला आहे. सुनेनेच सोल्यूशन लावून बसवला, निघायचा नाही.

साहेबांनी नवी पट्टी खांबावरून काढून चपट्या दगडाशेजारी ठोकायचंही ठरवलं. लाल रेघ कुठे मारायची ते विचारायला माणूस रंगाचा डबा घेऊन घरी आला. "आता अनधिकृत व्यक्तीची गरज नाही," मी त्याला म्हणालो. आत्या आतून म्हणाली, "पट्टीला शिट्टी वाजवता येते का विचार त्याला." नाही येत, असं त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सुनेने जुन्या राफ्टच्या बुडाचे थर एकावर एक चिकटवले. त्यात तीन वर्षांची ठिगळंही होती. ते थर कापून, घासून, पट्ट्या लावून आत्याच्या पायाच्या मापाचे दोन तळवे केले. जाडी बरोबर तीन बोटं, आत्याची. आत्याने ते पायात बांधले, दगडावर उभी राहिली. पाणी चढत गेलं, गुडघ्याच्या वाटीला लागलं, आणि नव्या पट्टीवरची ओली लाल रेघ त्याच वेळी बुडाली. तिने शिट्टी वाजवली. वाकली नाही. चार राफ्ट एकामागून एक गेल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाटी कोरी का?"

"काय लिहू?"

"जे झालं ते."

मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत्या तीन बोटं वाढली.' पुलावरून जाणारे थांबले, वाचलं आणि पोट धरून हसले. इतक्या वर्षांत पाटीवर मी लिहिलेली ही सगळ्यात खरी बातमी, आणि नेमकी तीच कुणाला खरी वाटेना.